नाडीशुद्धी तेल

गुरुवारी सकाळी आठ वाजले की आमच्या टेकडीच्या पायथ्याशी चपलांचा ढीग पडायचा. अमडापूरकडून ऑटो भरभरून यायचे. काठ्या टेकत म्हातारे, बांधाबांधाने बाया, चिखलीहून मोटारी घेऊन आलेले दुकानदार, सगळे चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून वर जायचे. वर पत्र्याचा मोठा मांडव होता. मांडवात स्नेहानंद महाराज बसायचे. लोक त्यांना तेलबाबा म्हणायचे.

मी जयमाला. गावच्या उपकेंद्रात चौदा वर्षं सिस्टर आहे. रक्तदाबाच्या माणसांची यादी माझ्याकडे असते. दर महिन्याला त्यांचा बीपी मोजायचा, गोळ्या द्यायच्या, आला नाही त्याच्या घरी जायचं, हे माझं काम. महाराज फाल्गुनात आले. वैशाख संपेपर्यंत माझ्या यादीतली अर्धीअधिक माणसं माझ्याकडे यायची थांबली होती.

म्हणून एका गुरुवारी मीच वर गेले. सोबत गावची आशा सेविका छाया होती.

महाराजांच्या समोर चौरंगावर काचेची एक वाकडी नळी होती. नळीत पांढरं, घट्ट काहीतरी ठासून भरलेलं. महाराजांनी ती उचलून सगळ्यांना दाखवली.

"ही काय आहे? ही तुमची नाडी! हा पांढरा कचरा कशाचा? पन्नास वर्षं खाल्लेल्या भज्यांचा! अरे बाबांनो, ट्रॅक्टरचं ऑइल बदलता की नाही? मग या देहाच्या इंजिनाचं ऑइल कधी बदललं?"

लोक हसले. महाराजांनी होमकुंडाशेजारी ठेवलेली तांब्याची झारी उचलली आणि पिवळं तेल नळीत ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो पांढरा गोळा हलला, घसरला आणि पुळुक्कन खालच्या ताटात पडला. नळी आरपार दिसायला लागली. मांडवात एकच जयजयकार झाला.

"साधं जवसाचं तेल नाही हे. एक लाख जपांनी सिद्ध केलेलं नाडीशुद्धी तेल आहे. आजचे शास्त्रज्ञ ओमेगा ओमेगा करतात. आमच्या ऋषींना तो कधीचा ठाऊक होता. ओम् पासूनच तर ओमेगा झाला!"

यावर टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एका बीएस्सी झालेल्या माणसानेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

नळीचं मला फार वाटलं नाही. मला गप्प केलं ते बीपीच्या मशीनने. महाराजांचा शिष्य अविनाश पायऱ्यांच्या शेवटी खुर्ची टाकून बसायचा. दाढीवाला, चाळिशीचा, पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणे. वर आलेल्या प्रत्येकाचा बीपी तो तिथेच मोजायचा आणि आकडा तळहातावर पेनाने लिहायचा. मग माणसाने मांडवात जायचं, वाटीभर तेल प्यायचं, ओळीने अंथरलेल्या चटयांवर डोळे मिटून निजायचं आणि उजवा हात डोक्याच्या वर, उंच गादीवर ठेवायचा. त्याला ते 'अर्पणमुद्रा' म्हणत. वीस मिनिटांनी अविनाश यायचा आणि त्याच हाताचा बीपी पुन्हा मोजायचा. एकशे ऐंशीचे एकशे चाळीस. एकशे सत्तरचे एकशे तीस. प्रत्येकाचा उतरायचा. एकाचाही चुकून राहायचा नाही.

"मशीन खोटं बोलतं का?" अविनाश विचारायचा.

मांडवाच्या दाराशी एक पितळी घागर होती. बीपी उतरलेल्या माणसाने खिशातल्या गोळ्या त्या घागरीत टाकायच्या. "गोळी आणि तेल एका देहात नांदत नाहीत," असं महाराजांचं म्हणणं. मी घागरीत डोकावले. आत माझ्याच उपकेंद्रातल्या पट्ट्या होत्या. माझ्या हातांनी दिलेल्या, पाकिटावर माझ्याच अक्षरात सकाळ-संध्याकाळ लिहिलेल्या.

माझं डोकं फिरलं. खाली जाऊन मी उपकेंद्रातलं मशीन घेऊन आले आणि भर मांडवात म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये काहीतरी केलेलं आहे. माझ्या मशीनवर मोजा."

मला वाटलं, अविनाश घाबरेल. तो हसला. "मोजा ना सिस्टर. खुशाल मोजा. फक्त आमचा विधी मोडू नका."

नुकतीच पायऱ्या चढून आलेली झुंबरबाई धापा टाकत उभी होती. मी माझ्या मशीनवर तिचा बीपी मोजला. एकशे बहात्तर. ती तेल प्यायली, निजली, हात गादीवर ठेवला. वीस मिनिटांनी मी तिच्याजवळ बसून माझंच मशीन लावलं. एकशे चौतीस.

मी पुन्हा मोजलं. एकशे बत्तीस.

"सरकारी मशीननंही साक्ष दिली!" महाराज ओरडले. मांडव दणाणला. कोणीतरी मागून म्हणालं, "सिस्टरबाई, आता तुमीबी घ्या वाटीभर!" हसण्याच्या त्या लोंढ्यातून मी आणि छाया पायऱ्या उतरलो. छाया वळून वळून मांडवाकडे बघत होती. तिलाही ते खरं वाटायला लागलंय की काय, अशी मला शंका आली, आणि त्या शंकेने मला जास्त दुखावलं.

त्या मांडवात रंगराव मामाही होते. रंगराव मामा म्हणजे दीड एकरात वांगी, मिरची, कोथिंबीर लावून अमडापूरच्या बाजारात स्वतः विकणारा माणूस. माझ्या यादीतला सर्वांत शिस्तीचा. सात वर्षांत एक महिना चुकला नव्हता. दोन महिन्यांपासून तेही येत नव्हते. मी त्यांना पायथ्याशी गाठलं.

"मामा, गोळ्या सोडू नका. तेल खायचं तर खा, पण गोळी चालू ठेवा."

"पोरी, तू रागावू नको," ते म्हणाले. "पन तुयाच मशीनवर उतरला ना? मंग गोळी कायले खाऊ? सात वर्सं खाल्ली, तुयाकडं कधी एकशेपन्नासच्या खाली आला नाई. अठी येका वाटीत एकशेतीस."

शेजारी उभी असलेली त्यांची बायको सुभद्राबाई मात्र पुटपुटली, "मले तं काई पटून नाई राह्यलं. येवढं चांगलं हाय, तं याह्यचं डोकं रोज काऊन दुखते?"

"नाडी खुलून राह्यली, म्हून दुखते. महाराजांनं सांगतलं," मामा म्हणाले आणि चालू लागले.

पुढचे तीन आठवडे मी घरोघर फिरले. दारं उघडायची, चहा मिळायचा, माझं बोलणं ऐकून घ्यायचे आणि शेवटी तेच विचारायचे, "पन तुमच्याच मशीनवर उतरला ना, सिस्टर?" एका घरी तर मला सुनेने हळूच सांगितलं, "ताई, तुमी आल्या की सासूबाई आतूनच म्हन्ते, गेली का थे गोळीवाली?"

मग एका मंगळवारी सकाळी रंगराव मामा वांग्याला पाणी देता देता वाफ्यातच कोसळले. सुभद्राबाईने हाक मारली तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. तोंड एका बाजूला गेलं होतं, उजवा हात उचलत नव्हता. शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. बीपी दोनशे अठरा होता.

"गोळ्या कधी बंद केल्या?" तिथल्या डॉक्टर पूनमनी विचारलं.

"तीन महिने होत आले," सुभद्राबाई म्हणाली. मग माझ्याकडे बघून खाली मान घालून म्हणाली, "म्या आडवलं व्हतं, बाई. म्या लय आडवलं व्हतं."

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले, तेव्हा वॉर्डातला कर्मचारी त्यांचा बीपी मोजत होता. सलाइनच्या नळीला अडचण नको म्हणून मामांचा हात घडी घातलेल्या दोन घोंगड्यांवर उंच ठेवलेला होता. मशीनवर एकशे अठ्ठेचाळीस आला. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात डॉक्टर पूनम आल्या आणि एकदम चिडल्या. "हात असा वर ठेवून मोजतात का? घोंगड्या काढा. दंड छातीच्या बरोबरीला हवा. आता मोजा."

एकशे सहासष्ट.

मी त्या मशीनकडे बघतच राहिले. माणूस तोच, मिनिट तेच, औषध तेच. फक्त हात वीतभर खाली आला होता आणि आकडा अठराने चढला होता.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मला खरंच बरं वाटत नव्हतं. कारण हे मला माहीत होतं. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पाच मिनिटं शांत बसवा, बोलू देऊ नका, कपड्यावरून पट्टा बांधू नका, हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीला. माझ्याच उपकेंद्राच्या भिंतीवर त्याचं चित्र लावलेलं आहे. आणि त्याच चित्राखाली मी चौदा वर्षं काय करत होते? बाहेर रांग लागलेली, म्हणून उभ्या उभ्या, बाहीवरून पट्टा गुंडाळून, "काय मावशी, सून कशी आहे?" असं बोलत बोलत मोजत होते. मग मामांचा बीपी माझ्याकडे एकशेपन्नासच्या खाली कसा येणार? माझ्या घाईने चढवलेला आकडा आणि अविनाशने गादीवर उतरवलेला आकडा. त्या दोन चुकीच्या आकड्यांच्या मध्ये रंगराव मामांची गोळी सुटली होती.

महाराजांचा राग आला, तो आलाच. पण त्या दिवशी एसटीत बसून घरी येताना मला जास्त राग माझा स्वतःचा आला होता.

गावात तोपर्यंत दुसरंच सुरू झालं होतं. "रंगरावनं पथ्य मोडलं," लोक सांगत होते. महाराजांनीच तसं सांगितलं होतं म्हणे. कोणी म्हणे मामांनी चोरून अंडं खाल्लं, कोणी म्हणे तेल पिऊन वांग्याला हात लावला. माझा संताप संताप होत होता. माणूस दवाखान्यात पडलेला, आणि गाव त्याच्याच ताटात दोष शोधत होतं.

ही गोष्ट सुभद्राबाईच्या कानावर गेली. ती कपडे न्यायला एक दिवस गावात आली होती. सरळ माझ्या उपकेंद्रात येऊन उभी राहिली.

"येकयेक घास म्या रांधला. कोनतं पथ्य मोडलं त्याह्यनं? मले सांग बाई, थो माणूस हे करते कसं?"

मी तिला पाच मिनिटं बसवलं आणि तिच्याच हातावर करून दाखवलं. हात टेबलावर. मग हात डोक्यावर. मग हात खाली लोंबता. ती तिन्ही आकडे बघत राहिली.

"येवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

तिने स्वतःच हात पुन्हा डोक्यावर नेऊन खाली आणला. मग म्हणाली, "गुरुवारी मी येतो तुयासंगं. माह्यावर मोज. पन मी सांगीन तसं."

गुरुवारी सुभद्राबाई इतरांसारखीच रांगेत लागली. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढली. अविनाशने तिला ओळखलं आणि त्याचा चेहरा खुलला. ज्या घरात झटका आला, तेच घर पुन्हा महाराजांच्या पायाशी आलं, याहून मोठी जाहिरात कोणती? त्याने उभ्या उभ्या, हात खाली लोंबत असताना, मोठ्याने प्रश्न विचारत तिचा बीपी मोजला. तळहातावर लिहिलं, एकशे अडुसष्ट. तिने तेलाची वाटी घेतली, चटईवर जाऊन निजली आणि उजवा हात गादीवर ठेवला.

वीस मिनिटांनी अविनाश तिच्याजवळ आला. मीही माझं मशीन घेऊन उठले. "यांचा मी मोजते," मी म्हणाले. लोक कुजबुजले. महाराज उदारपणे म्हणाले, "मोजू द्या त्यांना. गेल्या वेळेनं समाधान झालेलं दिसत नाही."

एकशे सव्वीस.

महाराज उठून उभे राहिले. "बघा! ज्या माउलीच्या नवऱ्यानं पथ्य मोडलं, तिच्याही नाडीत तेलानं प्रवेश केला! अडुसष्टचे सव्वीस! हा कोणाचा प्रताप?"

"तेलाचा!" लोक ओरडले.

सुभद्राबाई उठून बसली. डावीकडे पदराखाली झाकलेली वाटी तिने दोन्ही हातांनी उचलली. काठोकाठ भरलेली.

"महाराज, तेल तं अजून या वाटीतच हाय," ती म्हणाली. "म्या थेंबभर पेलं नाई."

मागच्या ओळीतली माणसं वाटी बघायला गुडघ्यांवर उठली. मग पहिली हसली ती छाया. त्या हसण्याने माझ्या मनातली तिच्याबद्दलची शंका गेली.

"तेलाच्या सान्निध्याचाही परिणाम..." महाराजांनी सुरुवात केली.

"थांबा," मी म्हणाले. "मामी, तशाच बसून राहा. काहीही पिऊ नका." मी तिचा हात पुढच्या चौरंगावर, छातीच्या बरोबरीला ठेवला. एकशे बेचाळीस. छायाने तो हात अलगद उचलून डोक्याच्या वर धरला. एकशे चोवीस. पुन्हा छातीशी. एकशे एक्केचाळीस. हात खाली सोडला. एकशे पन्नास. प्रत्येक आकडा मी पुढच्या ओळीतल्या माणसाला वाचायला लावला.

"गावातली पाण्याची टाकी आठवा," मी म्हणाले. "खालच्या आळीत नळाला किती जोर असतो? आणि वरच्या आळीत बादली भरायला किती वेळ लागतो? टाकी तीच, पाणी तेच. नळ वर नेला की जोर कमी. तुमचं हृदय ती टाकी आहे. हात वर नेला की हातातला जोर कमी भरतो, बाकी शरीरात होता तेवढाच असतो. इथे आधी तुम्हाला चौऱ्याऐंशी पायऱ्या चढवतात, धाप लागलेली असताना, हात लोंबता ठेवून, बोलायला लावून मोजतात. आकडा फुगतो. मग वीस मिनिटं निजवतात आणि हात गादीवर चढवून मोजतात. आकडा पडतो. तेल प्या, पाणी प्या, नाही तर काहीच पिऊ नका, आकडा पडणारच."

"पन थे नळी?" झुंबरबाईने विचारलं. तिच्या आवाजात राग होता, आणि तो कोणावर हे तिलाही कळत नसावं. "थे तं आमी डोळ्यानं पाह्यली."

महाराजांनी पुढच्या खेळासाठी भरून ठेवलेली दुसरी नळी मी चौरंगावरून उचलली. मांडवाच्या कडेला चहाचं पातेलं उकळत होतं. छायाने त्यातला पेलाभर चहा नळीत ओतला. पांढरा गोळा घसरला आणि तसाच पुळुक्कन ताटात पडला. मी तो बोटाने घेऊन वास घ्यायला पुढे केला.

"वनस्पती तूप आहे हे," मी म्हणाले. "झारी होमाशेजारी ठेवतात ती मंत्रासाठी नाही, तापवण्यासाठी. कडेने वितळलं की तूप निसटतं. आपल्या रक्तवाहिनीतला थर असा सुटा गोळा नसतो. तो भिंतीतच मुरलेला असतो, आणि प्यालेलं तेल पोटात पचतं. ते नाडीत जाऊन झाडू मारत नाही."

"म्हन्जे मंग चहानंबी नाड्या साफ होतेत!" मागून कोणीतरी म्हणालं. या वेळी लोक हसले, ते माझ्यावर नव्हे.

अविनाश एव्हाना पायऱ्यांकडे सरकला होता. सुभद्राबाई त्याच्याकडे गेली नाही. ती दाराशी गेली, पितळी घागर उचलली आणि चटईवर पालथी केली. पट्ट्यांचा ढीग पडला. काही अर्ध्या, काही न उघडलेल्या. तिने त्यात हात घालून एक पाकीट शोधून काढलं आणि माझ्याकडे दिलं. त्यावर माझ्या अक्षरात रंगराव मामांचं नाव होतं.

"महाराज," ती म्हणाली, "माह्या घरचा माणूस आता 'पानी' हा शबुद म्हनू शकत नाई. कोनतं पथ्य मोडलं त्यानं, थे या सगळ्यायले सांगा."

महाराजांनी डोळे मिटून घेतले. त्यांना ध्यान लागलं, असं एक-दोघे म्हणालेसुद्धा.

हे सगळं झाल्यावर गाव शहाणं झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. महाराज शनिवारी पहाटे गेले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली, चौकशी अजून चालू आहे. पण पंधरा दिवसांत ऐकू आलं, घाटाखाली कुठल्याशा गावात त्यांचा नवा मांडव पडलाय आणि तिथे टेकडी नाही म्हणून लोकांना शेताला चार चकरा मारायला लावतात. आमच्याच गावातले दोघे-तिघे तिकडे जाऊन आले. एकाने मला सांगितलं, "हाताचं तुमचं खरं हाय सिस्टर, पन तेलातबी काईतरी असनच."

त्याला मी जे सांगितलं, तेच इथे सांगते. हो, तेलात काहीतरी आहे. जवस आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात. भाकरीसोबत जवसाची चटणी, वर कच्चं तेल, चांगलं अन्न आहे ते. रोजच्या खाण्यात इतर तेल-तुपाच्या जागी जवस घेतलं, मीठ कमी केलं, तर काही महिन्यांत रक्तदाब दोन-चार अंकांनी उतरू शकतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. दोन-चार अंकांनी. चाळीस नाही, आणि वीस मिनिटांत तर नाहीच. ते अन्न आहे, गोळीच्या जोडीला चालतं. गोळीच्या जागी बसत नाही. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरला विचारून ठरवायचं.

आणि कोणीही, महाराज असो की मी, तुमचा बीपी मोजायला आलं, तर आधी पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकवा. पट्टा उघड्या दंडावर बांधायला सांगा. हात टेबलावर ठेवा, दंड छातीच्या बरोबरीला. सिस्टर घाईत असली तर तिला अडवा. मी आता खुर्ची आणि टेबल भिंतीशी मांडलं आहे, आणि रांग कितीही असली तरी उभ्याने कोणाला मोजत नाही. लोक उशीर होतो म्हणून कुरकुर करतात. करू देत.

रंगराव मामा घरी आले आहेत. डाव्या हाताने पेला धरतात. वांग्याची तोडणी सुभद्राबाई एकटी करते आणि बाजारालाही तीच जाते. त्यांच्यासमोर बसून गोळी देताना मला अजून त्यांच्याकडे नीट बघवत नाही.

टेकडीवर गोळ्या टाकून आलेल्यांपैकी निम्मे माझ्याकडे परत आले. तेवीस जण आलेले नाहीत. कोणाला लाज वाटते, कोणाला माझा राग आहे, कोणाला अजून वाटतं की डोकं दुखतंय ते नाडी खुलल्यामुळे. त्या तेवीस जणांची यादी या क्षणी माझ्यासमोर आहे. मी त्यांना काही बोलणार नाही, कोण चुकलं ते विचारणार नाही. फक्त मशीन आणि गोळ्या घेऊन उद्या सकाळी मी आणि छाया निघतोय. दार तेवढं उघडा.